शामला रंगारीची राजदूत

शामला रंगारीने भंगारात पडलेली मोटारसायकल विकत आणली तेव्हा आमच्या गल्लीत तिला सगळ्यात आधी वेड्यात काढलं ते मी. नागपूरच्या मनीषनगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तिच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागतो. एका दुपारी तिच्या फाटकाशी छोटा हत्ती टेम्पो थांबला आणि दोघा जणांनी त्यातून एक गंजलेलं धूड खाली उतरवलं. टायर बसलेले, हेडलाइटच्या जागी नुसतं भोक, आणि सीटच्या फाटक्या फोममधून चक्क गवत उगवलेलं. मी हाताचं पीठ न धुताच बाहेर आले.

“शामला, हे काय वं?”

“राजदूत हाय.”

“ते मलेबी दिसते. पण काहून?”

“सांगते नंतर, कांताताई. आत्ता बसू दे जरा,” असं म्हणून ती फाटकाच्या पायरीवरच बसली. ड्यूटीवरून शहराबाहेर बेसा गावाला जाऊन, तिथून टेम्पोत बसून ती थेट आली होती. मोज्यांचे वळ पोटरीवर उठले होते.

शामला रामदासपेठेतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. सरकारी नोकरी असती तर आता दोन-चार महिन्यांत सुटली असती. खाजगीत सुटका नसते, आणि घर तिच्या पगारावर नाही म्हटलं तरी बरंच चालतं. मुलगी गार्गी पुण्यात. रविवारी फोन करते, “बाबांना जरा फिरायला पाठवत जा” असं सांगते आणि ठेवून देते. सांगायला काय जातं?

बाबा म्हणजे प्रेमानंद. हा माणूस पशुसंवर्धन खात्यात होता, पशुधन पर्यवेक्षक. उमरेड, भिवापूर, कुही ह्या पट्ट्यात खात्याच्या मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचं, गाईम्हशींना सुया टोचायच्या, कृत्रिम रेतन करायचं, अडलेल्या गाईची सुटका करायची. निवृत्त झाला तेव्हा गावागावांतून लोक निरोपाला आले होते. एकाने तर तुपाचा डबा आणला होता. त्यानंतर पहिलं वर्ष त्याने कुंड्या लावल्या, मग कुंड्यांना पाणी घालणं सोडलं, मग पेपर सोडला, मग दाढी सोडली. पुढे पुढे तर समोरच्या खोलीतल्या पलंगावर बसायचं आणि भिंतीकडे पाहायचं, एवढंच राहिलं. दारू नाही, पत्ते नाहीत, भांडण नाही. माझ्या मते दारू परवडली असती, निदान माणूस संध्याकाळी घराबाहेर तरी पडला असता.

शामलाने दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या. काही दिवस घेतल्या आणि मग त्या उशीखाली साठू लागल्या. ती खरी घाबरली ती विजयादशमीला. दीक्षाभूमीवर लाखांनी माणसं येतात, कुठून कुठून रेल्वेने, पायी, लेकरं कडेवर घेऊन. रंगारी दरवर्षी तिथे खिचडी वाटायला उभे राहायचे, प्रेमानंद सगळ्यात पुढे, हातात भलामोठा डाव. त्या वर्षी तो उठला नाही. शामलाने पांढरा सदरा इस्त्री करून पलंगावर ठेवला होता. ती परत आली तेव्हा सदरा तसाच घडीचा घडी आणि हा त्याच्या शेजारी बसलेला.

“ताई, असे पेशंट मी रोज पाहाते,” ती मला म्हणाली होती. “ज्याले उठाचंच नसते त्याले किती सलाईन लावाचं? तो पलंगावरच आटते. हा माणूस माह्या डोळ्यापुढं आटून राहिला. मले त्याले उठवाचं हाय बस. बाकी मले काही नोको.”

तर ती राजदूत ह्यासाठी. बेसा गावात तिच्या बरोबरच्या नर्सचा, रितिकाचा, गृहप्रवेश होता. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बेशरमाच्या झुडपात ही गाडी तिला दिसली. प्रेमानंदची खात्याची गाडी अगदी ह्याच बनावटीची. पंगतीत जिलबी वाढली जात असताना ही बाई प्लॉटवाल्याचा फोन नंबर शोधत होती. कागदपत्रं त्याच्याकडे होती, गाडीचं त्याला काही पडलेलं नव्हतं. पैसे किती दिले ते मी तिला विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण तिने सांगितलं नाही.

प्रेमानंदने खिडकीतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “ही माही नाही.”

“तुमची हाय असं कोण म्हणते? म्या आणली. माही हाय.”

“तुले काय कराची?”

“चालवाची.”

जिला सायकलसुद्धा धड येत नाही ती हे बोलत होती. त्याने खिडकीचा पडदा ओढला आणि परत भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, झालं, गेले पैसे पाण्यात.

पण शामला चिवट. तिने सुटीच्या दिवशी गाडी खोलायला घेतली. मेकॅनिकला बोलावलं असतं तर तो दोन तासांत खोलून गेला असता आणि ह्याने मान वळवून पाहिलंही नसतं, असं तिचं म्हणणं. आणि काम कसं, तर दवाखान्यातलं! पडवीत धुतलेली चादर अंथरली. स्टीलचे ट्रे मांडले. हातमोजे घातले. एकेक नट निघाला की रॉकेलच्या वाटीत बुडवायचा, कापडाने पुसायचा, ट्रेमध्ये ठेवायचा आणि जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी लावून वर पेनाने लिहायचं, “डावीकडचा खालचा”, “ह्याच्यावर वायसर होतं”. इंजिन जाम झालं होतं. कोणीतरी सांगितलं की प्लगच्या भोकातून रॉकेल सोडून ठेवा. तर ही रोज ड्यूटीला जाण्याआधी मोठ्या सिरिंजने मोजून रॉकेल सोडायची, डोस दिल्यासारखं. पेट्रोलच्या टाकीत गंज होता म्हणून तिने खडी आणि रॉकेल घालून टाकी हलवायला मला धरलं. मी एकीकडून, ती दुसरीकडून. माझे खांदे त्या दिवशी जे धरले ते अजून पुरते सुटले नाहीत. आत पलंगावर प्रेमानंद तो खडखडाट ऐकत बसला होता, आणि एकदाही म्हणाला नाही की वहिनी, राहू द्या.

उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा मी काय सांगू. कूलर आतल्या खोलीत, आणि ही पडवीत घामाने निथळत चेनची एकेक कडी घासत बसलेली. आठवड्यातली एकुलती एक सुटी. मी तिला म्हटलं, “शामला, मरशील. सोड हे.” ती म्हणाली, “मरायले टाइम कोठी हाय?” ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

मग तो कुकरचा रविवार उजाडला. मी तिच्याकडे चहाला गेले होते. गॅसवर कुकर शिट्ट्या मारत होता.

“आज चणे का वं?”

“नाही. कार्बोरेटर हाय.”

मला वाटलं थट्टा करते आहे. तिने कुकर उतरवला, वाफ जाऊ दिली, झाकण उघडलं आणि चिमट्याने एकेक तुकडा काढून ट्रेमध्ये ठेवायला लागली. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला पेट्रोल पाजणारा डबा, त्याच्या आत सुई असते एवढं तिला कोणीतरी सांगितलं होतं. सुई म्हटल्यावर संपलंच. तिच्या उभ्या आयुष्यात सुई आधी उकळायची आणि मग बाकीचं. तिने अख्खा डबा सुट्टा करून, धुऊन, कुकरला लावला होता. पितळेचं काही बिघडलं नाही. पण रबराच्या चकत्या फुगून वड्यासारख्या झाल्या होत्या, आतला कागदी पुठ्ठ्याचा गॅस्केट लापशी झाला होता, आणि पेट्रोलवर तरंगणारा तो प्लॅस्टिकचा तुकडा असा काही वाकला होता की तो कशाचा काय ते ओळखू येईना.

घरभर जळक्या रबराचा वास सुटला. समोरच्या खोलीतून आवाज आला, “काय जळून राहिलं?”

शामलाचा चिमटा हवेतच थांबला. कितीतरी महिन्यांत त्या माणसाने काही विचारलं नव्हतं.

प्रेमानंद उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. लुंगी, वाढलेली दाढी. त्याने कुकरमध्ये पाहिलं, ट्रेमध्ये पाहिलं, आणि असा ओरडला की माझ्या हातातला कप हिंदकळला.

“अवं, कार्बोरेटर उकळते का कोणी! तो कार्बोरेटर होय, इंजेक्शन होय का?”

“मंग तुमी सांगाचं होतं ना!”

“तू इचारलं का मले?”

“तुमी बोलता का?”

तो फुगलेली चकती बोटांत धरून उलटीपालटी करत राहिला. मग त्याने ट्रे उचलला आणि पडवीत जाऊन चादरीवर मांडी घालून बसला. चिकटपट्ट्या वाचायला लागला. “डावीकडचा खालचा,” तो स्वतःशीच पुटपुटला, “अवं, हा उजवीकडचा होय.”

शामला ओट्याला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातमोजे घातलेले असल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. मी पदराने पुसलं. नंतर मी तिला विचारलं, “मुद्दाम केलं ना वं?” ती म्हणाली, “नाही बाई, मले खरंच वाटलं उकळाचं असते,” आणि वर, “गल्लीत कोणाले सांगू नोको.” मी अर्थात सगळ्यांना सांगितलं. त्या कुकरमधल्या वरणाला पुढे बरेच दिवस रॉकेलचा वास येत होता.

त्यानंतर प्रेमानंद जो सुटला तो सुटलाच. सी. ए. रोडवरची पार्टची दुकानं, कबाड्यांचे ढिगारे, कुठल्या कुठल्या जुन्या मेकॅनिकांची घरं, तो सगळीकडे फिरायला लागला. दाढी केली. भूक लागायला लागली. फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पिस्टनच्या रिंगांबद्दल सांगायला लागला. आमच्या घरचे त्याला पाहून हल्ली मागच्या दाराने जातात. माणूस उठला होता, ह्यात काही शंका नव्हती. गार्गीने फोनवर आईला सांगितलं, “बघ, मी म्हणत होते ना, बाबांना काहीतरी छंद हवा.”

शामलाला काय मिळालं, तर जेवायला वाढायला आधी एक गप्प माणूस होता, आता एक बोलणारा होता. त्याला तीनदा चहा लागायचा. तेलाने माखलेले कपडे वेगळे भिजवायला लागायचे. पुसायला चिंध्या पाहिजेत म्हणून त्याने तिची मऊ सुती साडी फाडली. “जुनीच होती ना,” तो म्हणाला. जुनी होतीच. घरात असली की ती तेवढीच नेसायची. ती समोर ताट घेऊन बसायची आणि तो बोलत असायचा, चांपा गावातली गाय, पाचगावातली म्हैस, कोणाची केव्हा व्याली, कोणाला पाडी झाली. घास हातात धरून ती बसल्या बसल्या झोपायची, आणि तो बोलतच असायचा.

“आता उठला ना, मंग भाजी तं चिराले सांग त्याले,” मी चिडून म्हटलं.

“राहू दे वं. आत्ता कोठी उठले. मंग सांगू.”

एकदा ती फार उतरलेल्या चेहऱ्याने घरी आली. तिच्या वॉर्डातली एक म्हातारी बरेच दिवस होती, हिच्याच हातून खायची, ती त्या दिवशी गेली होती. शामलाला ते नवऱ्याला सांगायचं होतं. तिने चपला काढल्या, “अहो, आज तं…” म्हणाली, तर तो पडवीतून धावत आला, “शामला, हेडलाइटची रिंग भेटली! ओरिजिनल!” तिने ती रिंग हातात घेऊन पाहिली, छान आहे म्हणाली आणि कणीक मळायला गेली. हे तिने मला अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला मात्र असा राग आला की मी त्या दिवशी त्यांच्याकडचं दूध उतू जाताना पाहूनही गॅस बंद केला नाही.

पावसाळा सरला आणि गाडी रंगवायला पेंटरकडे गेली. परत आली तेव्हा शामलाची रात्रपाळी चालू होती. ती सकाळी यायची ती सरळ पलंगावर पडायची. ताडपत्रीखाली काय आहे ते पाहायलाही तिला वेळ नव्हता. एका सकाळी ती अशीच नुकती आडवी झाली होती. मी अंगण झाडत होते. प्रेमानंदने ताडपत्री काढली, पेट्रोलच्या टाकीत मोजून ऑइल घातलं आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. मारता मारता त्याला धाप लागली. मग एकदम इंजिन खोकलं, थांबलं, आणि पुढच्या किकला धरलं. फट फट फट फट! निळा धूर माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. गल्लीतली दारं उघडली. लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि खरं सांगते, मीही वाजवल्या.

शामला गाऊनवर ओढणी टाकून बाहेर धावत आली, केस मोकळे. नवऱ्याकडे पाहिलं. तो ताठ बसला होता, अंगात पांढरा सदरा, डोळे लखलखीत. तिला मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. ती तशीच आत पळाली. आम्हाला कळेना कुठे गेली. पाच-सात मिनिटांत आली ती तोंड धुऊन, केस बांधून, हिरवी चांगली साडी नेसून, पर्स घेऊन. रात्रभर जागलेली बाई. गाडीच्या मागे गेली, पदर खोचला, आणि उभीच राहिली.

मागे सीट नव्हती. तिथे जाड सळयांचा एक कॅरिअर होता, नवाकोरा, वेल्डिंग करून घेतलेला, आणि त्याच्या मधोमध एक गोल कडं.

“मी कोठी बसू?” तिने विचारलं.

“बसाचं?” प्रेमानंदने मागे वळून पाहिलं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. “अवं, तिथं कॅन राहाचा ना.”

खात्यात असताना वळूंचं बीज गोठवून ठेवायला नायट्रोजनचा कॅन असायचा, तो अशाच कड्यात बसवून प्रेमानंद गावोगाव न्यायचा. निवृत्त झाला त्या दिवशी कॅन खात्यात जमा केलेला. मला राहवलं नाही. “भाऊजी, आता कोठचा कॅन?”

“माह्या गाडीले असंच होतं, वहिनी,” तो कौतुकाने म्हणाला. कॅरिअरवरून हात फिरवला, गिअर टाकला आणि गेला. गल्लीच्या टोकाशी वळताना त्याने हात वर केला. लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. शामला हिरव्या साडीत धुरात उभी होती. मग आत गेली आणि साडी घडी करून ठेवली, कारण रात्री पुन्हा ड्यूटी होती.

तो दुपारी परत आला. उमरेड रोडला जाऊन आला होता. कोणी जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याने वांगी आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी दिली होती. पिशवी तिच्या हातात देऊन म्हणाला, “भरीत कर झकास.” तिने केलं. मलाही वाटीभर पाठवलं. चांगलं झालं होतं, ह्याचाच मला जास्त राग आला.

आता तो रोज जातो. पाचगाव, चांपा, कुही. लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणतात, चहा पाजतात, गाय दाखवतात. अंग भरलं आहे, झोप लागते, गोळ्या नाहीत. ह्या विजयादशमीला खिचडीचा डाव पुन्हा त्याच्याच हातात होता. सीटचं मी त्याच्या कानावर घातलं आहे. “हो हो वहिनी, लावू,” असं तो म्हणतो आणि विसरतो. शामलाने मात्र त्याला एकदाही म्हटलेलं नाही.

परवा सकाळी तो फटफट करत निघून गेला आणि त्याच्या मागोमाग ही पर्स आणि डबा घेऊन मेट्रोकडे पायी निघाली. मी फाटकात तिला आडवी आले.

“तुले राग कसा येत नाही वं? सालभर मरमर मेली तू त्याच्यासाठी. आणि तुलेच जागा नाही?”

ती थांबली. डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता, इतका की मला विचारल्याचं वाईट वाटलं.

“ताई, पेशंट बरा झाला की त्याच्या घरी जाते,” ती म्हणाली. “संग नर्सले घेऊन जाते का कोणी?”

मला रडू आलं. तिला आलं नाही; तिला उशीर होत होता.